वाचकांचे प्रश्न : ‘मी वसंतराव’ला अभिनयाचं बक्षीस का नाही?

प्रश्न : २०२१ च्या इफ्फीत (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीला ‘मी वसंतराव’ हा गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरचा चरित्रपट पाहिला. लोकांनी मनापासून दाद दिली, तरी बक्षिसांत तो मागेच. असं का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुमची हळहळ मलाही आहे. माझ्या शेजारी बसलेले पेटीमास्तर अख्खा वेळ मांडीवर ताल धरून होते. तरी स्पर्धेत मराठीचा मान ‘गोदावरी’ने मिळवला; त्यातल्या जितेंद्र जोशींना रौप्य मयूर हा इफ्फीचा अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

राष्ट्रीय पुरस्कार मात्र सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वर्षाप्रमाणे ठरतात. म्हणून एप्रिल २०२२ मध्ये लागलेला हा चित्रपट २०२० च्या यादीत गेला. वसंतरावांची भूमिका करणारे त्यांचे नातू, गायक राहुल देशपांडे यांना गायनाचा पुरस्कार मिळाला. अभिनयाचा तमिळ अभिनेता सूर्या आणि अजय देवगण यांना विभागून. सूर्याच्या चित्रपटाची गोष्ट विमानकंपनी काढणाऱ्याची, देवगणच्या चित्रपटाची तानाजी मालुसऱ्यांची. म्हणजे चरित्रपटाचं वावडं नव्हतंच!

मला वाटतं, अडतं ते आयुष्याच्या जातीवर. गड घेतला, विमान उडालं, हे चटकन दिसतं. वसंतराव लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी करत गात राहिले. ती घुसमट हळूहळू भिनते. त्यात नातूच आजोबांच्या भूमिकेत, तेव्हा सगळे गळा ऐकतात, अभिनय नजरेतून सुटतो. हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत.

गायक-नट दीनानाथ मंगेशकरांचं गाव मंगेशी तुमच्या जवळच. दीनानाथांच्या गाण्याचा वसंतरावांवर केवढा प्रभाव होता! चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा गाणं नसलेल्या प्रसंगांत राहुलचा चेहरा जरूर पाहा, आणि मला कळवा.