भूतानची वीज, तासगावची द्राक्षं आणि एकच गिऱ्हाईक

पलूसच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: भूतानची बहुतेक निर्यात भारतातच जाते, त्यात वीज मोठी; एवढ्याशा देशाने एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं धोक्याचं नाही का, आणि ते चीनला किंवा बांगलादेशला का विकत नाहीत? एम.ए.च्या प्रकल्पासाठी हवंय म्हणते. खाली दोघा-तिघांनी 'ही तर गुलामगिरी' म्हणून निकाल लावून टाकलाय.

माझी सगळी नोकरी कोयनेच्या वीजघरांत गेली. निवृत्त झाल्यापासून तासगाव तालुक्यातली घरची द्राक्षबाग बघतो. म्हणजे वीज आणि एकच गिऱ्हाईक, दोन्ही अंगाखांद्यावर खेळवलेत. जरा लांबण लागेल. आणि तुला 'तू'च म्हणतो, माझ्या धाकटीच्या वयाची असशील.

आधी आकड्याचं बघू. भूतानच्या निर्यातीतल्या शंभर रुपयांतले ऐंशीच्या आसपास भारतातून येतात, हे खरं. पण धोका त्या ऐंशीत मोजता येत नाही. आमच्या गावात अख्खी बाग एकाच व्यापाऱ्याला देणारे आहेत आणि निवांत झोपणारे आहेत. चार व्यापाऱ्यांना देऊन चारही ठिकाणी पैसे अडकलेलेही आहेत. माल तुम्ही किती दिवस धरून ठेवू शकता आणि समोरच्याला तो किती दिवस चालत नाही, हे आधी विचार.

माझाच किस्सा सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक व्यापारी विसार देऊन गेला, किलोला अठ्ठावीस ठरले. माल काढायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आभाळ आलं. हा पठ्ठ्या बागेत उभा राहून वर बघतो, घड उचलून धरतो आणि म्हणतो, "मामा, अठरानं होत असेल तर बघा." त्याला माहीत होतं की पाऊस पडला तर मणी तडकणार, आणि दुसरा व्यापारी शोधायला मला दोन दिवस लागणार. माल एकच, गिऱ्हाईक एकच, पण सकाळी मी राजा होतो आणि संध्याकाळी तो. मधे फक्त ढग आले.

मी त्याला विसार परत केला आणि बेदाणा टाकला. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, शेडमध्ये जाळीवर पसरायचे, पंधरवड्यात बेदाणा तयार. चार किलोला एक किलो पडतो, मजुरी वेगळी. पण एकदा कोल्ड स्टोअरेजला पेट्या लागल्या की ढगाकडे बघायचं कारण राहत नाही. सौद्याला भाव पडला तर पुढच्या सौद्याला. दिवाळीपर्यंत थांबायची ऐपत असेल तर थांबा. (ऐपत असेल तर. कोल्ड स्टोअरेजचं भाडं आणि सोसायटीचं व्याज थांबत नसतं.)

आता भूतानकडे. त्यांची वीज म्हणजे काढणीला आलेलं द्राक्षसुद्धा नव्हे. द्राक्ष दोन दिवस थांबतं, वीज एक सेकंद थांबत नाही. आमच्या कोयनेची गोष्ट वेगळी होती. धरणामागच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी, त्यामुळे पाणी हाच आमचा बेदाणा. संध्याकाळी राज्याची मागणी चढली, कळव्याच्या लोड डिस्पॅचमधून (राज्यात कुठून किती वीज घ्यायची ते ठरवणारं केंद्र) फोन आला, की काही मिनिटांत मशीन सिंकला, म्हणजे जाळ्याला जोडलेलं. नको असेल तेव्हा बंद. चुखा आणि ताला हे भूतानचे प्रकल्प वांगछू नदीवर आहेत, एकाखाली एक. चुखा ३३६ मेगावॅटचा, म्हणजे आमच्या तिसऱ्या टप्प्याहून किंचित मोठा. ताला १०२० चा, आमच्या चौथ्या टप्प्याएवढा. पण मागे शिवसागर नाही. वाहत्या नदीवर चालतात, साठा दिवसभराच्या कामापुरता. पावसाळ्यात धो धो वीज. हिवाळ्यात नदी आटली, वर बर्फ गोठला, की उत्पादन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. त्या महिन्यांत भूतान उलट भारताकडून वीज विकत घेतो. म्हणजे जो पावसाळ्यात विकणारा, तोच जानेवारीत गिऱ्हाईक. वर्षाच्या बेरजेत हे दिसतच नाही.

दुसरं म्हणजे ही बाग लावली कुणी? १९७४ साली चुख्याचा करार झाला. पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. बांधकाम भारताच्या मदतीने, तारा भारताकडे आणि उरलेली वीज घेणार भारत. त्याच वर्षी भूतानने आपलं चलन काढलं, ङुल्ट्रम, आणि ते रुपयाला बरोबरीने बांधलं. ज्या व्यापाऱ्याने रोपं दिली, औषधांची उधारी दिली आणि माल उचलायची हमी दिली, त्याच्याशी भाव करताना आवाज थोडा खालीच येतो. पण त्याने रोपं दिली नसती तर तिथं माळ होता, हेही खरं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मांगदेछूच्या (७२० मेगावॅट) वेळी प्रमाण उलटं झालं: ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. दर युनिटला ४.१२ रुपये ठरला. बाग जुनी झाली की व्यापाऱ्याचा हात आखडतो, हा आमचाही अनुभव आहे.

भूतानचं परकीय कर्ज त्यांच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा मोठं आहे, हे वाचून घाबरू नकोस. त्यातला बराचसा भाग या वीजप्रकल्पांचा, तो रुपयात, आणि फेडायचा तोही रुपयात मिळणाऱ्या विजेच्या पैशातून. डॉलर चढला म्हणून हा हप्ता चढत नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. २०१२ मध्ये भूतानमध्ये रुपयाचाच दुष्काळ पडला. आयात वाढलेली, रुपये कमी, बँकांनी कर्जं आवळली, गाड्यांची आयात थांबवली. स्वतःचं चलन छापता येतं, रुपया छापता येत नाही.

'गुलामगिरी' लिहिणाऱ्यांसाठी २०१३. जुलैच्या सुरुवातीला भारताने भूतानला दिलेल्या स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं. १३ जुलैला तिथं मतदान होतं. भारताकडून सांगितलं गेलं की योजनेची मुदत संपली, तांत्रिक बाब आहे. भूतानमधल्या बऱ्याच लोकांनी त्याचा संबंध आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान चिनी पंतप्रधानांना रिओत भेटले होते, त्याच्याशी लावला. सरकार बदललं आणि ऑगस्टपासून अनुदान परत सुरू झालं. हेतू काय होता ते दिल्लीला ठाऊक. पण थिंपूतल्या बाईला त्या महिन्यात सिलिंडर किती महाग पडला ते तिला कळलं. आपण सांगलीकर युरोपच्या नियमांना शिव्या घालतो, तेव्हा एवढं ध्यानात ठेवावं की हिमालयाच्या त्या कुशीत विसार देऊन ढगाकडे बघणारे आपण आहोत.

युरोपचं नाव निघालंच, तर २०१०. तेव्हा बाग भाऊ बघायचा. फुटींची वाढ रोखायला सीसीसी मारायची, सगळेच मारायचे. त्या हंगामात युरोपात द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. माल समुद्रात, नियम किनाऱ्यावर. भावाचा माल ज्या निर्यातदाराकडे होता त्याने हात वर केले. दारूगोळा न वापरताही बाजार बंद करता येतो, तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवली की पुरतं. पण त्यानंतर रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशांची, तपासणी कडक झाली, औषधांच्या नोंदी नीट ठेवायला लागलो, आणि त्या नोंदी आज दुसऱ्या देशांच्या गिऱ्हाइकांनाही दाखवता येतात. कडक गिऱ्हाईक शिकवूनही जातं.

आता 'चीनला का विकत नाहीत'. उत्तर साधं आहे: तार नाही. उत्तरेला हिमालयाचा कडा, सीमेचा तंटा अजून मिटलेला नाही, आणि दोघांत राजनैतिक संबंधही नाहीत. वीज ट्रकमध्ये भरून नेता येत नाही, आणि इथं तर ट्रकलाही रस्ता नाही. बांगलादेशचं जमण्यासारखं आहे. भूतानने १९७१ च्या ६ डिसेंबरला बांगलादेशला मान्यता दिली, आणि २०२० मध्ये त्याच तारखेला दोघांनी प्राधान्य व्यापार करार केला, म्हणजे ठरावीक मालावर एकमेकांना जकातीत सवलत. भूतानची संत्री, सफरचंदं, दगड तिकडे जातात. पण वीज न्यायची तर मधे भारताची जमीन आणि भारताच्या तारा. नेपाळने हे करून दाखवलंय: २०२४ च्या ऑक्टोबरात त्रिपक्षीय करार झाला, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या जाळ्यातून बांगलादेशला द्यायचं ठरलं. कोयनेच्या पायथा वीजगृहाएवढी. छोटी गोष्ट, पण दार उघडलं. फक्त दाराची कडी दिल्लीकडेच आहे.

मग भूतानकडे काही बळच नाही का? आहे, पण विजेत नाही. भारताची एकूण वीजक्षमता चार लाख मेगावॅटच्या पुढे. भूतानची वीज उद्या आली नाही तर आपल्याकडे दिवे जाणार नाहीत. बळ आहे जागेत. २०१७ चं डोकलाम आठव, भूतान आपला म्हणतो त्या पठारावर भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं होतं. भारताला भूतानचा माल लागतो त्याहून जास्त, ती बाग दुसऱ्याच्या हाती जाऊ नये हे लागतं. म्हणूनच ६० टक्के अनुदान मिळालं, म्हणूनच चुख्याचा दर भूतानला वेळोवेळी वाढवून घेता आला. निर्यातीच्या तक्त्यात याला रकाना नसतो.

आता माझ्या आवडीचा भाग. भूतान विजेचा बेदाणा करतो! सीमेवरच्या फुंटशोलिंगजवळ पासाखा नावाची औद्योगिक वसाहत आहे, आपल्या बंगालमधल्या जयगावपासून जवळच. तिथं फेरोसिलिकॉनच्या (लोखंड आणि सिलिकॉनचा मिश्रधातू) भट्ट्या आहेत. एका टनाला आठ हजार युनिटच्या वर वीज लागते. म्हणजे ते पोतं उघडलं तर आत धातूच्या रूपात वाळवलेली वीजच आहे. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला विचार, तो रोज वापरतो. हे पोतं ठेवता येतं, जहाजात घालता येतं, भाव नसेल तर थांबता येतं. विजेखालोखाल भूतानची मोठी निर्यात हीच. अर्थात घेणारा पुन्हा मुख्यतः भारतच, आणि हिवाळ्यात भट्ट्यांना वीज कमी पडते ती वेगळीच.

दुसरा बेदाणा ऐकून मी खुर्चीतून उठलोच होतो. भूतानची सरकारी गुंतवणूक कंपनी वीज वापरून बिटकॉइन काढते, म्हणजे संगणक रात्रंदिवस चालवून मिळणारं आभासी चलन. २०२३ मध्ये हे जगाला कळलं, आणि २०२४ मध्ये त्यांच्याकडे दहा हजारांहून जास्त बिटकॉइन साठल्याच्या बातम्या आल्या. पावसाळ्यातली वीज, जी भारताला ठरल्या भावाने द्यायची, तिच्यातली थोडी यंत्रांना घालायची आणि जे निघेल ते जगात कुठेही विकायचं. ना तार, ना जयगावचा नाका. पन्नास वर्षांत भारताच्या जमिनीवरून न नेता विकता येईल असा विजेचा माल त्यांना पहिल्यांदा सापडला. डोकं चालवलंय, मान्य.

पण मी जुन्या वळणाचा माणूस, मला हरिपूरची पेवं आठवतात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली पेवांत हळद साठवून व्यापारी भावाची वाट बघायचे, वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. बिटकॉइनचा भाव अर्ध्यावर येताना आपण सगळ्यांनी बघितलाय. साठवता येतं म्हणजे सुरक्षित असतं असं नाही. फक्त धोक्याची जात बदलते, आणि निदान निवड आपल्या हातात येते.

एक उदाहरण प्रकल्पात जरूर घाल: न्यूझीलंड. १९५० च्या सुमारास त्यांची दोन तृतीयांश निर्यात एकट्या ब्रिटनला जायची. लोणी, चीज, मेंढीचं मांस. १९६१ मध्ये ब्रिटनने युरोपीय समुदायात जाण्याचा पहिला अर्ज केला, प्रत्यक्षात गेला १९७३ मध्ये. मधे बारा वर्षं मिळाली. न्यूझीलंडने भांडून लोण्या-चीजचा कोटा राखून घेतला आणि दुसरीकडे गिऱ्हाईक शोधलं. तरीही सत्तरचं दशक त्यांना जड गेलं. आज त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन आहे. म्हणजे फिरून पुन्हा एक मोठा व्यापारी, फक्त चेहरा बदलला. छोट्या देशांचं बहुधा असंच होतं, कारण मोठं गिऱ्हाईक म्हणजे सोय असते. दहा जणांना दहा पेट्या विकायला दहा वेळा फोन करावे लागतात, हे बागवाल्याला सांगायला नको.

तुझ्या कामासाठी एवढं कर. भूतानचा वर्षाचा एक आकडा घेऊ नकोस. विजेची विक्री आणि खरेदी महिन्यामहिन्याने मांड: जून ते ऑक्टोबर एक चित्र, डिसेंबर ते मार्च दुसरं. फेरोसिलिकॉन वेगळं काढ. कर्ज रुपयातलं किती आणि बाहेरच्या चलनातलं किती, ते वेगळं. पुनात्सांगछू-१ कडेही बघ: १२०० मेगावॅटचा प्रकल्प, २००८ ला काम सुरू, २०१३ मध्ये उजव्या तीराचा डोंगर सरकला आणि वर्षानुवर्षं लांबला. बाग धरायच्या आधीच उधारी वाढत गेली तर काय होतं, ते तिथं दिसेल.

आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शेडवर बेदाणा पडलेला असतो. वडिलांना घेऊन ये, चार किलोचा एक किलो कसा होतो ते काट्यावर दाखवतो.