फिक्सीसाठी पहिला हब घेताना

फिक्सीची, म्हणजे चाकासोबत पेडलही फिरतच राहणाऱ्या सायकलची, पहिलीच चाकं बांधतोयस, मस्त! ब्रँडच्या याद्या सध्या बाजूला ठेव. आधी मागचा हब (चाकाच्या मधोमधचा भाग) नीट बघ, सगळा मार तोच खातो.

पाय उलटे रेटून वेग कमी करताना कॉग (मागचं दातेरी चक्र) सुटायला बघतो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांचे दोन टप्पे असतात: आतला कॉगचा आणि बाहेर, जरा कमी व्यासाचा, लॉकरिंगचा, म्हणजे कॉग जागेवर धरणाऱ्या कडीचा. हे बाहेरचे आटे उलटे असतात. एकच टप्पा दिसला तर तो फ्रीव्हीलचा (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राचा) हब. दुकानदार काहीही म्हणो, फिक्सीला तो घेऊ नकोस.

माझ्या पहिल्या हबचे आटे मीच घालवले. ग्रीस न लावता कॉग तिरका चढवला, लॉकरिंग अर्धवट आवळलं. काही दिवसांत कॉग डुगडुगायला लागला, उघडला तर बोटांना ॲल्युमिनियमचा चुरा. तू आटे पुसून ग्रीस लाव, पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरव, मगच चेनव्हिपने (कॉग फिरवायच्या साखळीवाल्या पान्याने) आवळ. थोडं चालवून पुन्हा एकदा आवळ.

बाकी थोडक्यात:
- पावसातही चालवणार असशील तर सीलबंद कार्ट्रिज बेअरिंगच घे. आकार ६००१ सारखा सर्रास मिळणारा असेल तर बदलणं सोपं.
- ट्रॅक फ्रेमला मागे १२० मिमी, पुढे १०० मिमी रुंदीचा हब लागतो. तरी आपली फ्रेम मोज.
- हबला स्पोकची भोकं ३२, तुझं वजन जास्त असेल तर ३६. रिमलाही तितकीच हवीत.

फ्लँजची (हबच्या स्पोक अडकवायच्या कडेची) उंची, स्पोकची विणकाम-पद्धत नंतर बघू. पुढचा ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून लाव.