बाबांना बाईकवर लेहला जायचंय, जाऊ द्यावं का?

प्रश्न : माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, वय ६७. सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेत, सुरुवातीला डीआर होते, म्हणजे मोटरसायकलवरून डाक पोचवायचे, तेव्हापासून लांबच्या रायडिंगचं जे वेड लागलं ते आजपर्यंत, कन्याकुमारी झाली, कच्छ झालं, आणि आता म्हणतात ऐरोलीहून एकटा लेहला जाणार. बीपीची गोळी चालू आहे. मिस्टर म्हणतात जुनी बुलेट विकून टाकू, फारच हट्ट केला तर नवीन घेऊन देऊ. तेव्हापासून बाबा घरात कोणाशी धड बोलत नाहीत.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, बुलेट विकू नका. ज्या माणसाने आयुष्यभर हे एकच वेड जपलंय त्याच्याकडून गाडी काढून घेणं मला तरी बरोबर वाटत नाही. अंतराची काळजी फार करू नका, डीआर माणूस रस्त्याला घाबरत नाही. काळजी करायची ती उंचीची, कारण लेहच साधारण ११,५०० फुटांवर आहे आणि तिथली विरळ हवा जुनी सर्व्हिस बघत नाही.

यावर उपाय बाबांनाच माहितीये. फौजेत ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत आणखी चार आणि त्याच्यावर अजून चार दिवस शरीराला सवय करून देतात, सुट्टीवरून परत आलेल्या जवानालाही हे पुन्हा करावं लागतं. बाबांना सांगा, जा, पण फौजेच्या नियमाने जा. मुलाचं नाही ऐकणार, पण हे ऐकतील.

मनालीवरून नको, तिकडे चढ एकदम आहे आणि सरचूला १४ हजार फुटांवर झोपायची वेळ येते. श्रीनगर, सोनमर्ग, झोजिला करत कारगिलला मुक्काम, मग लेह. द्रासला वॉर मेमोरियल लागेल, तिथे त्यांना निवांत थांबू द्या. लेहला पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस गाडीला हातच लावायचा नाही, आणि खारदुंग ला ही आणखी उंच खिंड फौजेच्या नियमाचे सगळे दिवस पुरे झाल्यावरच. डोकं ठणकलं, उलटी झाली तर वर जायचं नाही, आणि दम लागला किंवा तोल जायला लागला तर लगेच खाली. निघण्याआधी ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, हार्टची तपासणी करून घ्या, बीपीच्या गोळीचंही तिथेच विचारा.

नवीन गाडीचं मात्र नीट ऐका. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, आताच्या गाड्यांना बरोब्बर उलटं. समोर अचानक ट्रक आला की पाय जुन्या सवयीनेच जातो. म्हणून नवीन घेतलीच तर आधी काही महिने मुरबाडवरून माळशेज, कसारा घाट असं पहाटे फिरून पाय बसू दे, मगच लेह. आणि एकटं नाहीच, फौजेतला एखादा जुना सोबती बघा, एवढं बाबा मान्य करतील.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, त्यांचं पोस्टपेड आत्ताच करून घ्या.