धुण्याच्या सिंकचं पाणी गच्चीच्या पावसाळी पाइपात सोडलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर, पहिल्या मजल्यावरची मागची गॅलरी बंद करून धुण्याची खोली केलीय, तिथं वॉशिंग मशीन आणि शेजारी सिंक बसवायचा आहे. मिस्त्री म्हणतोय, गच्चीचा पावसाचा पाइप तिथूनच खाली जातो, त्यालाच टी (तीन तोंडांचा जोड) मारून पाणी सोडू, एका दिवसात काम मोकळं.

नको. मिस्त्री कितीही चांगला असला तरी एवढ्या एका गोष्टीवर त्याचं ऐकू नका. मी लक्ष्मीपुरीत पाइप-फिटिंगच्या दुकानात काउंटरला असतो. उन्हाळ्यात अशी जोडणी करून गेलेली गिऱ्हाइकं पावसाळ्यात परत येतात.

कोल्हापूरचा जुलै तुम्हाला मी काय सांगावा! गच्चीचं सगळं पाणी त्या एका पाइपात येतं. खालच्या बेंडला पालापाचोळा, पतंगाचा दोरा, कधी पक्ष्याचं घरटं अडकलेलं असतंच. मग पाणी पाइपात वर चढत येतं, आणि त्याला बाहेर पडायला पहिलं भोक सापडतं ते तुमच्या सिंकचं. सिंक बसवलाय कपडे धुवायला, आणि त्यात गच्चीवरचा गाळ तरंगतोय.

पाइपही तो नव्हे. प्लास्टिकच्या ड्रेनेज पाइपाचं भारतीय मानक आयएस 13592 आहे, त्यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार येतात. ए पातळ, तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी. सांडपाण्याला आणि मैल्याला बी. पाइपावर छापलेलं असतं, वाचून बघा. जुना पाइप पत्र्याचा किंवा सिमेंटचा असेल तर जोडणीचा विचारच नको. शिवाय पावसाचा पाइप बहुतेक घरांत खाली बोळात नाहीतर उघड्या गटारात सुटतो. तिथं रोज साबणाचं पाणी यायला लागलं की पहिली हाक शेजाऱ्यांची येणार, आणि ती हाक कशी असते ते पेठेत राहणाऱ्याला ठाऊक आहे. पुढे ते पाणी नाल्यातून पंचगंगेला, ते वेगळंच.

तर मग काय करायचं? सिंक कुठं शोभतो हे नंतर बघा, आधी बाथरूमच्या सांडपाण्याचा उभा पाइप कुठून खाली जातो ते शोधा. जुन्या घरात स्वयंपाकघराची मोरी आणि न्हाणी बहुधा मागच्याच अंगाला असते, म्हणजे तुमच्या गॅलरीपासून फार लांब नसेल. सिंक आणि मशीन त्या बाजूच्या भिंतीला घ्या. नळाचा पाइप कसाही वळवून नेता येतो, टाकीचा दाब त्याला ढकलतो. सांडपाण्याला मात्र उतार हवाच, साधारण 40 ला 1. म्हणजे 10 फूट आडव्या पाइपाला 3 इंच. गॅलरीच्या स्लॅबवर एवढी जाडी मिळवायची तर कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) वाढतो, कोबा वाढला की जुन्या स्लॅबवर वजन वाढतं आणि उंबऱ्यापेक्षा फरशी वर येते. अंतर कमी केलं की हे सगळं आपोआप सुटतं. संडासच्या लाइनला जोडू नका. सेप्टिक टँक असेल तर त्यातही धुण्याचं पाणी नको. पाण्याचा लोंढा आला की टाकीत मैला खाली बसायला वेळच मिळत नाही. खाली सांडपाण्याचा पाइप आधी गली ट्रॅपमध्ये (जमिनीतला वाकडा तुकडा, ज्यात थोडं पाणी कायम उभं राहून वास अडवतं) आणि मग चेंबरमध्ये गेला पाहिजे. तो ट्रॅप नसला तर वास आणि झुरळं थेट वर येतात.

आता खोलीतलं. मशीन पाणी सावकाश सोडत नाही, पंपाने फेकते. त्यामुळे मशीनसाठी किमान 50 मिलिमीटरचा उभा पाइप घ्या, सिंकला 40 चा चालतो, आणि दोन्ही फरशीखालच्या मल्टी फ्लोअर ट्रॅपमध्ये (बरेच पाइप एकत्र घेणारा ट्रॅप) सोडून पुढे 75 च्या पाइपाने बाहेर काढा. त्या ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहिलं पाहिजे, वास अडवतं ते तेच. सिंकखाली आणखी एक बॉटल ट्रॅप (बाटलीच्या आकाराचा छोटा ट्रॅप) लावायचा आग्रह काही जण धरतात. पाणी आधीच ट्रॅपमध्ये पडत असेल तर त्याची गरज नाही. दोन ट्रॅपांच्या मध्ये हवा कोंडते आणि सिंक गुळगुळ आवाज करत रिकामा होतो. मशीनची नळी पाइपात सैल सोडा, टेप गुंडाळून गच्च करू नका. हवा बंद झाली की आतलं पाणी नळीतून ओढून जातं आणि मशीन भरतच राहते. नळी किती उंचीवर टांगायची ते मशीनच्या पुस्तकात असतं, बऱ्याच फ्रंट लोडला 60 ते 100 सेंटिमीटर.

आणि डोअर बेंड. उभ्या पाइपाला जोडताना झाकण उघडणारा बेंड मागा. कपड्यांची लव आणि साबण मिळून पाइपात जो लगदा होतो, तो काढायला दुसरी वाट नसते. दुकानात यासाठी दहा-वीस रुपयांची घासाघीस करणारे लोक नंतर फरशी फोडतात, म्हणून एवढ्या जोरात सांगतोय.

पाण्याच्या लाइनला फार लिहीत नाही. सीपीव्हीसी (नळाच्या पाण्याचा प्लास्टिक पाइप) घ्या, पाऊण इंची लाइन गच्चीवरच्या टाकीपासून स्वतंत्र आणा आणि नळापाशी अर्धा इंच करा. टाकी नळाच्या 10 फूट वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो, आणि बाथरूमच्या लाइनमधून फाटा काढला तर कुणी शॉवर सुरू केला की मशीन पाण्याची वाट बघत बसते. मशीनला लागणारा किमान दाब पुस्तकात बघा. कमी पडला तर छोटा प्रेशर पंप लागेल. मशीनचा अँगल कॉक (नळी जोडायची छोटी तोटी) वेगळा, सिंकचा बिबकॉक (साधा नळ) वेगळा. नळ बसतो तिथं पितळी आट्यांचीच फिटिंग लावा, नुसत्या प्लास्टिकच्या आट्या पान्याने आवळताना फुटतात. सीपीव्हीसीचं सोल्युशन (पाइप चिकटवायचं) वेगळं आणि ड्रेनेज पाइपाचं वेगळं, एकाच डबीवर दोन्ही उरकू देऊ नका.

सिंक खोल घ्या, 10-12 इंच. त्याची कड कमरेच्या थोडी खाली आली की बादलीतले ओले कपडे उचलून टाकताना खांदे भरून येत नाहीत.

पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर कुणी हेच काम करणार असेल तर चेंबरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) घाला. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर आमच्याकडे त्याची विचारणा वाढली. पाणी रस्त्यावरून यायच्या आधी मोरीतून वर येतं, हे तेव्हा बऱ्याच जणांनी बघितलं.

फरशी आणि टाइल बसायच्या आधी एक दिवस थांबा. सोल्युशन वाळू दे, मग खाली ट्रॅपचं तोंड बंद करून लाइन भरा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी तोंड उघडा, सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. कुठं ओल दिसली नाही तरच मिस्त्रीला सिमेंट कालवायला सांगा. उघड्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढा, भिंतीला टेप लावून मापासकट. पुढे कपडे वाळत घालायची दोरी बांधायला कुणीतरी त्याच भिंतीत ड्रिल घालणारच आहे.