माय दवाखान्यातलीच दिसायलीय

"डोळे मिटले की माय दवाखान्यातलीच दिसायलीय. नाकात नळी, सुजलेला हात, कोरडे पडलेले ओठ. त्याच्या आधीची माय कुठं गेली ओ?"

लातूरच्या एका ताईंचा हा प्रश्न. पण तो एकट्या त्यांचा नाही. आई, आजी, सासू गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी कधी ना कधी हेच विचारतात. कुणी म्हणतं, तिचा आवाजच आठवेना झालाय, म्हणजे मी तिला विसरायलेय का? कुणी सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यातले शेवटचे काही दिवसच मनात घेऊन फिरत असतं. म्हणून ताईंच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची गोष्ट लिहिते आहे.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माय जाऊन अकरा महिने होत आले होते. लकव्याचा झटका आला, मग तीन आठवडे दवाखाना, आणि पौषात त्या गेल्या. ताई आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. मोबाईलवर त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की दुःखाचे पाच टप्पे असतात आणि सहा महिन्यांनंतरही रडू येत राहिलं तर तो आजार समजायचा. "मी कोणत्या टप्प्यावर हाय ते सांगा," म्हणाल्या.

हे वाचून घाबरलेली माणसं मला वरचेवर भेटतात, म्हणून जरा थांबून सांगते. ते पाच टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते एकेक करून पार पाडायचे असतात, असं मुळीच नाही. दीर्घकाळ न ओसरणारा शोक असं निदान मात्र खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत, तर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५-टीआर या निदानाच्या पुस्तकात मोठ्या माणसांसाठी किमान बारा. पण दोन्हीकडे नुसते महिने मोजून निदान होत नाही. जवळजवळ रोज ती ओढ असह्य होणं, कामधंदा आणि माणसं तुटत जाणं, आपल्या रीतीभातीत जेवढा शोक समजून घेतला जातो त्याच्याही पलीकडे तो जाणं, हे सगळं पाहावं लागतं. ताई शाळेत नियमित जात होत्या, पहिलीच्या पोरांबरोबर गाणी म्हणत होत्या, आणि रात्री उशी भिजवत होत्या. दुःखात बुडणं आणि पुन्हा कामाला लागणं अशी ये-जा चालू असेल, तर माणूस सावरतो आहे असंच मी समजते.

तरी प्रश्न उरलाच होता. आधीची माय कुठं गेली?

मी त्यांना विचारलं, माय गेल्यावर घरी भेटायला कोण कोण आलं आणि त्यांनी काय विचारलं? ताई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांनी एकच विचारलं. कसं काय झालं?"

आपल्याकडे सांत्वनाला येणारं माणूस ओसरीवर टेकलं की पहिला प्रश्न हाच असतो. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण मग घरची लेक सांगायला लागते: सकाळी चहा घेताना हातातली बशी पडली, तोंड वाकडं झालं, जीप करून लातूरला आणलं, डॉक्टर असं म्हणाले, दुसऱ्या दिवशी तसं झालं. दहाव्यापर्यंत, तेराव्यापर्यंत, आणि त्यानंतरही बाजारात भेटलेल्या प्रत्येकाला ती हेच सांगते. जी आठवण पुन्हा पुन्हा सांगितली जाते तीच पक्की होते, आणि ती धक्क्याची असेल तर आणखीच. मायचं मरण ताईंनी अनेकदा सांगितलं होतं. मायचं आयुष्य त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यात घरानं दुसरं एक केलं होतं. मोठ्या भावानं मायच्या सगळ्या वस्तू लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं. "डोळ्यासमोर नको, जीव तुटतो." दादांचं दुखणंही खरंच होतं. पण आठवणी हाक मारली म्हणून येत नाहीत. त्यांना वास लागतो, स्पर्श लागतो, एखादी जागा लागते. तेच सगळं पेटीत गेल्यावर बाहेर उरला तो फक्त दवाखाना.

मी मायबद्दल विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "आमच्यासाठी झिजली. देवमाणूस होती." हे वाक्य मी फार ऐकते आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. ते खोटं नसतं, पण त्यात माणूस दिसत नाही. झिजणारी आई महाराष्ट्रातल्या घराघरांत सापडेल. त्यांची माय त्यातून वेगळी कशी काढायची? मी विचारलं, "त्यांना राग कशाचा यायचा?"

ताई पहिल्यांदा हसल्या. "टाका तिरका गेला की! उसवायलाच लावायची."

माय वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायच्या. दुपारी भांडी झाली की ढाळजेत, दाराजवळच्या ओसरीत, बसायच्या. जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतरं, शर्टांचे तुकडे, वर पुन्हा लुगडं, आणि कडेनं धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं. रंग जुळवताना त्यांचं कुणाचंही ऐकणं नव्हतं. हिरव्याशेजारी कुंकवासारखा लाल आणि मग पांढऱ्याची एक बारीक पट्टी, कारण "डोळ्याला इसावा पाहिजे". घरात लेकरू जन्मलं की त्याच्या नावाची वाकळ सुरू व्हायची. शिवताना ओव्या चालायच्या, त्यातल्या कित्येक तिथल्या तिथं रचलेल्या, लेकी-नातवंडांची नावं गुंफून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या अशाच बायांच्या तोंडून. अशा बाईला गावात कुणी कलावंत म्हणालं नसेल. मी ताईंना म्हटलं, तुमची माय कलावंत होती, आणि आपण तिची आठवण तशी काढू.

पेटी उघडायची घाई करू नका, असंही सांगितलं. एकटीनं तर नकोच. दादांना विचारा, नाही म्हणाले तर थांबा. दादा आधी नाही म्हणाले. आठवड्यानं त्यांनीच किल्ली पाठवली, स्वतः आले नाहीत.

पेटी उघडताना ताईंबरोबर मावशी होत्या, मायची धाकटी बहीण. सगळ्यांत जुनी वाकळ तळाशी होती. ताईंनी तिचा फोटो मला दाखवला. दोरा विटून पिवळा झालेला, वरचं लुगडं मध्ये इतकं विरलेलं की खालची धोतराची घडी दिसते. आणि एका कोपऱ्यात, बाकी कुठल्याही रंगाशी न जुळणारा, निळ्या चौकड्यांचा तळहाताएवढा तुकडा. त्याच्याभोवती टाके इतके बारीक आणि इतके जवळजवळ की कापड कडक झालं आहे. रंगाच्या बाबतीत एवढी चोखंदळ बाई हा तुकडा कशी लावेल? ताईंनी मावशींना तेच विचारलं.

मावशी म्हणाल्या, "ते बारक्याचं आंगडं हाय."

हे घर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार दूर नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, झोपलेल्यांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात या घरातला पाच वर्षांचा मुलगा होता. ताई तेव्हा चौदा वर्षांच्या. त्यांची पक्की समजूत होती की मायनं त्या भावाचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. मावशींनी सांगितलं ते वेगळंच होतं. त्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दोघी बहिणी ही वाकळ शिवत बसायच्या आणि माय त्या टाक्यांबरोबर बारक्याचंच बोलायची. कसा चालायचा, काय मागायचा, कुणाला भ्यायचा. लेकी आल्या की गप्प व्हायची. पुढं कितीतरी वर्षं तीच वाकळ पांघरून झोपली.

ताईंनी हे सांगितलं तेव्हा मी काही बोलले नाही, आणि त्या बराच वेळ रडल्या. मग त्यांनीच विचारलं, "म्हणजे माय विसरली नव्हती, अन् तरी जगली?"

शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं, असं मानसशास्त्रानं बराच काळ धरलं होतं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी त्याला उलट बाजूनं प्रश्न केला. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं आणि ते जपत माणूस नीट जगू शकतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि मायच्या वाकळीच्या त्या कोपऱ्यात तेच दिसतं.

ताईंच्या बारा वर्षांच्या मुलीशीही मी बोलले. तिनं अकरा महिने आजीचं नाव घेतलं नव्हतं. का? "आई रडती म्हणून." मुलं अशी मोठ्यांना सांभाळतात आणि आपल्याला वाटतं, लेकरू विसरलं, बरं झालं. या मुलीच्या फोनमध्ये आजीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज जपलेले होते. आजीला टाइप करता यायचं नाही, म्हणून त्या बोलून पाठवायच्या: शाळेतून आलीस का, भाकर खाल्लीस का, दोऱ्याचं रीळ आण. ज्या आवाजासाठी ताई तळमळत होत्या तो त्याच घरात, शेजारच्या खोलीत होता. ताईंनी ते लगेच ऐकले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. एवढंच सांगितलं की आधी त्यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. फोन बिघडतो, बदलतो, आणि असे आवाज कायमचे जातात.

येळवस आली. त्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप करतात, भज्जी आणि अंबील असते. दादा म्हणाले, यंदा सण नाही. मी ताईंना म्हटलं, ते राहू द्या. पहिल्या वर्षी सण न करण्याच्या रीतीनं दुखावलेल्या घराला विसावा मिळतो. पण मायचं नाव घेऊ नका, असं कुठलीच रीत सांगत नाही.

वर्षश्राद्धाला मात्र ताईंनी आपल्या मनानं एक केलं. येणाऱ्या प्रत्येकाला निरोप दिला, मायनं दिलेली वाकळ घेऊन या. ओसरीत त्या अंथरल्या गेल्या आणि बायका कापडं ओळखायला लागल्या. हे माझ्या बाळंतपणातलं लुगडं, हे आबाचं धोतर. दादा बाहेरच बसून होते. मग आत आले, एका वाकळीवर बोट ठेवलं. "हा माझा कॉलेजातला शर्ट. न विचारता फाडला होता तिनं. लई भांडलो होतो." त्यानंतर ते बराच वेळ मायबद्दल बोलत राहिले. त्या दिवशी "कसं काय झालं" कुणीच विचारलं नाही, असं ताईंनी मला मुद्दाम सांगितलं.

तुम्ही कुणाच्या घरी सांत्वनाला जाणार असाल, तर माझी विनंती आहे, त्या बाईच्या हाताचं काय चांगलं व्हायचं ते विचारा. आणि तुमचं स्वतःचं दुःख महिनोन्‌महिने जराही हलत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल किंवा तिच्यामागं जावं असे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

ताईंना आता झोप लागते, रोज नाही, पण बहुतेक रात्री. नळी लावलेली माय अजून दिसते, त्या दवाखान्यासमोरून बस गेली की हमखास. पण आता टाका उसवायला लावणारीही दिसते. शेवटी व्हेंटिलेटर लावायचा नाही हे दादांनी एकट्यानं ठरवलं, याचा राग मात्र ताईंच्या मनात तसाच आहे. त्यावर आमचं बोलणं चालू आहे, आणि पुढच्या वेळी दादाही यायचं म्हणतात.