बास्केटबॉल खेळायला परदेशात गेलेले खेळाडू नंतर मॅनेजमेंटमध्ये जातात का? माझा भाऊ चिपळूणला खेळतो, घरचे विचारतात पुढे काय

जातात की, आणि सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे व्लादे दिवाच. हा सर्बियाचा उंच सेंटर (बास्केटखाली खेळणारा), 1989 ला अमेरिकेतल्या लेकर्स टीमने ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) घेतला तेव्हा इंग्लिश धड येत नव्हतं, पण एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, 16 सीझन काढले. 1996 ला त्याच्या बदल्यातच लेकर्सला पुढे सुपरस्टार झालेला कोबी ब्रायंट मिळाला. रिटायर झाल्यावर 2009 ला सर्बियाच्या ऑलिंपिक कमिटीचा अध्यक्ष झाला आणि 2015 ला त्याच्याच जुन्या टीमने, सॅक्रामेंटो किंग्जने, त्याला मॅनेजमेंटमध्ये घेतलं, मग जनरल मॅनेजर. तिथे मात्र 2018 च्या ड्राफ्टमध्ये पुढे मोठा स्टार झालेला लुका डॉन्चिच हातात असताना मार्विन बॅगलीला घेतलं, ते मला आजपण पटत नाय, 2020 ला राजीनामा दिला. म्हणजे चांगला खेळाडू चांगला मॅनेजर होईलच असं नाही, काँट्रॅक्ट, सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा), स्काउटिंग (नवे खेळाडू हेरणं) हे वेगळं शिकावंच लागतं.

आपल्याकडची बास्केटबॉलपटू गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली, 2011 ला डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेची महिला लीग) ट्रायल्सना गेली, हे भावाला नक्की सांगा.

आता कोकणाचं बोलायचं तर कबड्डी आणि टेनिस क्रिकेट गावोगाव आहे पण बास्केटबॉलला पावसाळ्यात उघडं कोर्ट चार महिने बंद, म्हणून इनडोअर हॉल मिळेल तिथे कॉलेज घ्या, डिग्री सोडू नका, आणि आत्तापासूनच जिल्ह्याच्या स्पर्धांत भावाला स्कोअरच्या टेबलवर बसू दे, स्कोअरशीट, रेफ्री, टीमचा प्रवास, स्पॉन्सर शोधणं, मॅनेजमेंट तिथूनच सुरू होतं.