खासदारांनी घरून चर्चेत भाग घ्यावा का?

खासदारांना व्हिडिओवरून चर्चेत भाग घेऊ द्यावा का आणि प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह आता कालबाह्य झाला नाही का, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की, घरून बोलू द्यावे. मात्र घरून बोलणाऱ्याला हरकत घेऊन कामकाज थांबवता येणार नसेल, तर तो सदस्य नव्हे, प्रेक्षक आहे.

आमच्या इंदूरमधील एका मराठी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा काही वर्षांपूर्वी सभागृहात आणि व्हिडिओवर एकाच वेळी झाली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्याने मी मोबाइलवरून हजर होते. वाचनालयाचा तळमजला एका कोचिंग क्लासला भाड्याने देण्याचा ठराव होता. करार किती वर्षांचा आणि पुस्तके कुठे हलवणार, एवढेच मला विचारायचे होते. मी पडद्यावर हात वर केला, प्रश्न लिहूनही पाठवला. पण आम्हा बाहेरच्यांचे माइक सभागृहातूनच बंद ठेवलेले होते. ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज उठले आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्ष असताना आमच्या घरी तिथले कामकाज नेमाने पाहिले जाई, त्यामुळे आवाजी मतदानाला आव्हान देऊन मतविभागणी मागता येते, मग साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि मते मोजली जातात, हे मला ठाऊक होते. परंतु मागणी ऐकूच जात नसेल तर घंटा कोण वाजवणार? पुढे इतिवृत्त आले. गणपूर्तीसाठी मोजलेल्या उपस्थितांत माझे नाव होते आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद होती.

अध्यक्ष माझे चुलत दीर होते. ‘वहिनी, एवढे महत्त्वाचे होते तर तासभर येऊन बसायचे होते,’ हे त्यांचे उत्तर आजही कायम आहे. आजारी माणसाजवळ थांबायला ज्यांच्या घरी दुसरे कोणी असते, त्यांनाच असे उत्तर सुचते. संसदांतही निराळे काही नाही. 7 ऑगस्ट 2023 रोजी नव्वद वर्षांचे मनमोहन सिंग दिल्लीतील सेवांविषयीच्या विधेयकाच्या मतदानासाठी व्हीलचेअरवरून राज्यसभेत आले. जानेवारी 2019 मध्ये ब्रिटनमधील खासदार ट्यूलिप सिद्दिक यांनी ब्रेक्झिटवरील मतदानासाठी आपले सिझेरियन पुढे ढकलले, आणि त्यानंतर त्याच महिन्यात तिथे बाळंतपणाच्या रजेवरील खासदारांना दुसऱ्या सदस्यामार्फत मत देण्याची सोय झाली. लोक अशा प्रसंगांचे कौतुक करतात. मला त्यांत व्यवस्थेचा निष्ठुरपणा दिसतो.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 100 नुसार निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात एका सभागृहाचे सदस्य दुसऱ्या सभागृहात आणि प्रेक्षक सज्ज्यांतही बसवले गेले, पण घरून कोणालाही बोलू दिले नाही. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुमारे 50 सदस्य आत आणि 120 पर्यंत पडद्यावर अशी रचना केली आणि मे महिन्यात दुरून मतदानही घेतले. तिथे भाषणे ठरलेल्या यादीप्रमाणे होत गेली; मात्र बोलणाऱ्याला मध्येच अडवून प्रश्न विचारण्याची जुनी रीत त्यात हरवली. माझ्या दृष्टीने खरे नुकसान ते आहे, कारण मंत्र्याला लिहून आणलेल्या भाषणाबाहेर खेचते ती हीच रीत.

हेही मान्य केले पाहिजे की, घरी बसलेल्या सदस्याच्या शेजारी कोण उभे आहे हे पडद्यावर दिसत नाही, आणि समित्यांच्या गोपनीय बैठकांना हा धोका अधिक आहे. शिवाय नुसती हजेरीही पुरेशी नसते: 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत कृषी विधेयके मतविभागणीची मागणी होऊनही आवाजी मतदानाने मंजूर झाली. मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते, असे उपसभापतींचे म्हणणे होते. विरोधकांनी ते मान्य केले नाही.

म्हणून नियम करायचाच तर असा करावा की, ज्याची हजेरी गणपूर्तीत धरली त्याचा माइक अध्यक्षांना बंद ठेवता येऊ नये, आणि त्याने मतविभागणी मागितली तर मते मोजावीच लागावीत. हा नियम आमच्या संस्थेलाही लागू व्हावा आणि त्या सभेच्या इतिवृत्तात माझी हरकत नोंदवली जावी, असे पत्र मी भाऊजींकडे दिलेले आहे. त्यांनी ते अद्याप विषयपत्रिकेवर घेतलेले नाही.